शून्य टक्के झुंबर

सोनखांब नावाच्या बाजारगावात झुंबर नावाचा एक भोळा पेंटर राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा कुणीतरी त्याला 'ओला रंग आहे, हात लावू नये' अशी पाटी रंगवायला दिली. झुंबरने अक्षरं काढली, अगदी मोत्यासारखी काढली. आता अक्षरांवरची आडवी रेघ तेवढी राहिली. पण तोवर पाटीवर लिहून झालं होतं, की हात लावू नये. झुंबरने ब्रश धुतला आणि घरी गेला. ती पाटी अजून तशीच आहे, बिनरेघेची.

हात मात्र त्याचा नंबर एक. सरळ रेघ मारायला त्याला दोरी लागत नसे, पट्टी लागत नसे. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे मागचे फाळके, शाळेच्या भिंती, सगळं झुंबरच्या हातचं. मग गावात फ्लेक्स आले आणि ब्रशला कोणी विचारेना. झुंबर चौतीस वर्षांचा झाला, लग्न व्हायचं राहिलं, आणि रंगाचे डबे वाळत चालले.

त्याला जवळ केलं मोतीशेठनी. मोतीशेठचं बाजारपेठेत फ्लेक्स छापायचं दुकान, आणि दुकानामागेच घर. शेठ चौथीच्या पुढे शाळेत गेले नव्हते. आधी गूळ विकला, मग छत्र्या विकल्या, आणि पन्नाशीत कम्प्युटर आणून स्वतःच चित्रं जुळवायला शिकले. कुणी विचारलं, "शेठ, तुम्हाला हे शिकवलं कोणी?" तर म्हणत, "गूळ पारखायला कोणी शिकवतं का? बोट लावायचं, चाटून बघायचं. याचंही तसंच."

हे ऐकून झुंबर कम्प्युटरच्या पडद्याजवळ गेला, तेव्हा शेठनी त्याला कॉलर धरून मागे ओढला.

गुरुवार हा सोनखांबचा बाजार. त्या गुरुवारी कुरणवाडीचे ढमाले अण्णा दुकानात आले. अण्णा फरशी बसवणारे गवंडी, शेठचे जुने स्नेही. त्यांची मुलगी चंद्रकला लग्नाची होती, आणि शेठनी तिच्यासाठी झुंबरचं नाव सुचवलं होतं. झुंबर तेव्हा फ्लेक्स बांधायला बाहेर गेला होता.

"मुलगा तुमच्याकडे पक्का आहे ना?" अण्णांनी विचारलं. "नाहीतर आज इथे, उद्या तिथे."

शेठ व्यापारी माणूस. जे हातात नाही त्याचा शब्द द्यायचा नाही, आणि आलेलं गिऱ्हाईक सोडायचंही नाही. ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तोवर त्याचा हात कम्प्युटरवर बसला, तर पक्का समजा."

झुंबर परत आल्यावर शेठनी त्याला सगळं सांगितलं. झुंबर लाजला. चंद्रकलेला त्याने एकदाच पाहिलं होतं, कुरणवाडीच्या शाळेची भिंत रंगवताना. ती हंडा घेऊन चालली होती. थांबून म्हणाली होती, "किती सरळ रेघ आहे हो तुमची!" तेव्हापासून झुंबर रेघ मारली की घटकाभर त्या रेघेकडेच बघत बसे.

"मग शिकवा शेठ," तो म्हणाला. "जसं सांगाल तसं करतो."

आणि तो खरंच सांगितलं तसं करत असे. एकदा सांगितलेलं झुंबर कधी विसरत नसे. तीच तर अडचण होती.

त्या दिवशी एका डॉक्टरांच्या दवाखान्याचा फ्लेक्स करायचा होता. झुंबरने डॉक्टरांचा फोटो निळ्या आभाळावर ठेवला. फोटोभोवती पांढरा चौकोन तसाच. डॉक्टर खिडकीतून डोकावल्यासारखे दिसत होते.

शेठ शेजारी बसले. "हे बघ. फोटो आभाळात मिसळला पाहिजे. रंगारी साडी कशी रंगवतो? वर गडद, खाली येता येता फिकट, शेवटी पांढरी. तसं करायचं. माउसने वरून खाली एक रेघ ओढ. रेघेच्या दोन टोकांना दोन ठिपके. वरच्या ठिपक्याला सांग शंभर टक्के. खालच्याला सांग शून्य. मध्ये आपोआप हळूहळू विरत जाईल. एकदम संपवलं तर कड दिसते, आणि कड दिसली की काम गेलं."

झुंबरने रेघ ओढली. डॉक्टरांचा कोट खाली खाली विरत गेला. पण मागचं आभाळ बाजूला केल्यावर तिथे राखाडी-पांढरे चौकोन दिसायला लागले.

"हे काय आलं?"

"ते चौकोन म्हणजे तिथे काही नाही. आरपार. मागे जे असेल ते दिसणार. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"वर शंभर, खाली शून्य. कड दिसता कामा नये. आणि राखाडी-पांढरे चौकोन असले, की तिथे काही नसतं."

शेठ खूश झाले.

संध्याकाळी झुंबर घरी निघाला. वाटेत चहावाले सखारामकाका ओट्यावर पाय पसरून बसले होते, राखाडी-पांढऱ्या चौकड्यांची लुंगी नेसून. झुंबरने पटकन तोंड फिरवलं. "काका," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "निदान आत तरी बसा हो. रस्त्यावरून बायामाणसं जातात."

शुक्रवारी गोविंदराव आले. त्यांचं चपलांचं दुकान. फोटो दिला: कोल्हापुरीचा नवा जोड. आणि खाली लिहायचं होतं, 'तळ पाहूनच चप्पल घ्या!' शेठ छपाईच्या मशीनजवळ होते. झुंबर एकटाच बसला. वर शंभर, खाली शून्य. कड दिसू दिली नाही.

शनिवारी सकाळी गोविंदराव पायातली चप्पल हातात घेऊनच दुकानात आले.

"शेठ, माझ्या चपलेला तळ कुठंय? वर नुसते पट्टे दिसतात, खाली आभाळ! आणि त्याखाली लिहिलंय, तळ पाहूनच घ्या. काल संध्याकाळपासून लोक येतात, विचारतात, बिनतळाची चप्पल दाखवा म्हणून. कुठाय तो पेंटर?"

झुंबर घराकडच्या मागच्या दाराआड उभा होता. शेठनी हात जोडले, फ्लेक्स बदलून देतो म्हणाले.

"ते द्याच. पण गुरुवारी बाजाराला येतो मी, तेव्हा त्याचं तोंड मला बघायचंय!" असं म्हणून गोविंदराव गेले.

शेठ आत वळले. "अरे झुंबऱ्या! खालचा भाग कामाचा असतो ना! खालचं शंभर ठेवायचं. विरायचंच असेल तर वरून विरू दे. समजलं?"

"समजलं. खाली शंभर, वर शून्य."

आणि त्याला खरंच समजलं होतं.

त्याच दिवशी दुपारी पुंडलिक वैद्य आले. त्यांचं केस वाढवायचं तेल होतं, आणि त्या तेलावर त्यांचा स्वतःचा इतका भरवसा होता, की डोक्यावर सदा टोपी असे. दोन फोटो दिले. एक 'तेल लावण्यापूर्वी', गुळगुळीत टक्कल. दुसरा 'तेल लावल्यानंतर', दाट कुरळे केस. वर लिहायचं, 'तीन महिन्यांत फरक बघा!'

झुंबरने मन लावून काम केलं. खाली शंभर, वर शून्य.

रविवारी फ्लेक्स चौकात लागला. डाव्या फोटोत भुवयांच्या वर काही नव्हतं. उजव्या फोटोतही भुवयांच्या वर काही नव्हतं. लोक खाली उभे राहून फरक शोधत होते.

"शेठ!" वैद्य दुकानात शिरले ते टोपी काढूनच. "तेल लावण्यापूर्वी केस नाहीत, ठीक. तेल लावल्यानंतर डोकंच नाही? एक बाई मला विचारते, वैद्यबुवा, किती थेंब लावले की इतकं होतं?"

शेठनी त्यांनाही हात जोडले.

"गुरुवारी येतो," वैद्य म्हणाले. "त्या पेंटरच्याच डोक्याला लावतो तेल!"

झुंबर मागच्या दाराआडून बाहेर आला. शेठनी कपाळाला हात लावला. "माणूस असला की वरून खालून हातच लावायचा नाही! माणसाला गोल ग्रेडियंट, म्हणजे गोलाकार विरवायचं. मधोमध शंभर, आणि चारी कडांना जाता जाता शून्य. म्हणजे मधला माणूस उठून दिसतो. समजलं?"

"समजलं. मधला शंभर, कडेचे शून्य."

सोमवारी किसनरावांच्या मुलाचं लग्न होतं, मंगल कार्यालयाच्या कमानीवर मोठा फ्लेक्स लागायचा होता. फोटो साखरपुड्याचा. डावीकडे नवरदेव, उजवीकडे नवरी, आणि मध्ये पेढ्यांचा खोका धरून नवरदेवाचे मामा.

मामा मधोमध होते. आता यात झुंबरचा काय दोष?

सोमवारी सकाळी कमानीवर सोनेरी अक्षरात 'शुभविवाह' लिहिलेलं होतं, आणि त्याखाली ढगांतून एकटे मामा हसत होते, हातात पेढे. डावीकडून एक कोपर मामांपर्यंत आलं होतं, उजवीकडून बांगड्यांचा एक हात. नवरीकडची म्हातारी माणसं कमानीखाली थबकली. "स्थळ चांगलं आहे," एक आजी म्हणाल्या, "पण वय जास्त वाटतं." खुद्द मामा तेवढे खूश होते. मुहूर्त टळत आला तरी ते फ्लेक्सखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो काढायला लावत होते.

किसनराव भर मांडवातून दुकानात आले, फेट्यासकट. "आमच्या घरात लग्न कोणाचं आहे, शेठ? माझ्या मुलाचं की माझ्या मेव्हण्याचं? आता मुहूर्त आहे म्हणून सोडतो. गुरुवारी येतो!"

ते गेल्यावर शेठनी झुंबरला शेजारी बसवलं. मग शांतपणे म्हणाले, "झुंबर, गूळ विकताना मी गिऱ्हाइकाकडे बघायचो, ढेपेकडे नाही. तू ठिपक्यांकडे बघतोस. आधी बघायचं, कार्य कुणाचं आहे. ज्याचं कार्य, तो शंभर टक्के. बाकीची माणसं मागे, पन्नास टक्के, अर्धी पारदर्शक, आभाळात हळूच मिसळलेली. समजलं?"

"समजलं. ज्याचं कार्य तो शंभर. बाकीचे पन्नास, आभाळात."

"गुरुवारला तीनच दिवस आहेत रे," शेठ म्हणाले. "अण्णा येणार आहेत."

झुंबरने मान हलवली. त्या संध्याकाळी त्याने घरच्या भिंतीवर खडूने एक सरळ रेघ मारली आणि जेवण होईपर्यंत तिच्याकडे बघितलं.

मंगळवारी हिरामण पैलवानांच्या नातवाचा पहिला वाढदिवस आला. हिरामण पैलवान म्हणजे सत्तरीतलं धिप्पाड माणूस, रोज पहाटे शंभर बैठका मारणारं. फोटोत बाळ आजोबांच्या मांडीवर होतं. कार्य बाळाचं. म्हणून बाळ शंभर टक्के. आजोबा पन्नास टक्के, वर आभाळात, ढगांत मिसळलेले, मंद हसत.

आता आपल्याकडे फ्लेक्सवर ढगांत विरलेला माणूस म्हणजे काय, हे अंगणवाडीतल्या पोरालाही कळतं. खाली काय लिहिलंय ते वाचायला कोणी थांबत नाही.

मंगळवारी रात्रीच फ्लेक्स पैलवानांच्या गावच्या वेशीवर लागला, आणि बुधवारी सकाळी आठलाच त्यांच्या अंगणात माणसं जमायला लागली. पुरुष टोप्या काढून सतरंजीवर बसले. बायका पदर डोळ्याला लावून आत गेल्या. कुणीतरी हार आणला. तेवढ्यात हिरामण पैलवान म्हशीचं दूध काढून गोठ्यातून आले. दारात इतकी माणसं खाली मान घालून बसलेली त्यांनी बघितली. चरवी ठेवली, पटका काढला आणि तेही मुकाट्याने एका कडेला बसले. जो तो मान खाली घालून बसलेला, कोणाला कोण दिसतं? अर्धा तास झाला. शेवटी पैलवानांनी शेजारच्याच्या कानात विचारलं, "कोण गेलं?"

शेजाऱ्याने मान वर न करताच उत्तर दिलं, "हिरामणदादा."

"अरेरे," पैलवान म्हणाले, "कधी?"

मग दोघांनीही एकदमच माना वर केल्या.

शेजाऱ्याला शुद्धीवर आणायला म्हशीचं दूध कामी आलं. आणि पैलवान तसेच उठून सोनखांबला आले. पण दुकान जेवणासाठी बंद होतं. त्यांनी शटरवर एक थाप मारली. शटरला अजून पोचा आहे. "उद्या बाजार आहेच," असं शेजारच्या चहाच्या ओट्यावर सांगून ते गेले.

गुरुवार उजाडला. शेठ सकाळपासून दुकानात येरझारा घालत होते. चार चिडलेली माणसं येणार, आणि त्याच दिवशी अण्णा येणार. अण्णांच्या देखत चौघांनी झुंबरला धरलं, की सोयरीक मोडली.

"झुंबर, नीट ऐक. ते चौघे पुढच्या दाराने येतील, बाजारातून. त्यांना तू अजिबात दिसता कामा नयेस. अण्णांना मी मागच्या दाराने आणणार, घरात चहापाणी करून. त्यांना तू पूर्ण दिसला पाहिजेस. चांगला सदरा घाल. समजलं?"

"समजलं शेठ. पुढून शून्य, मागून शंभर."

हे ऐकून शेठनी थांबायला हवं होतं. पण ते पेढे आणायला निघाले होते.

झुंबरने पांढरा स्वच्छ सदरा घातला. मग कोपऱ्यातले आपले जुने डबे काढले. भिंतीला लावायचा पाण्यातला रंग होता, एक पांढरा, एक राखाडी. आरसा नव्हता. लागतही नव्हता. त्याने पोटापासून सुरुवात केली. इंचाचा एक राखाडी चौकोन, शेजारी इंचाचा पांढरा. छाती झाली, बाह्या झाल्या, गळा झाला. मग हनुवटी, गाल, नाक, कपाळ. कानांपाशी आल्यावर त्याने रंगात पाणी घातलं आणि चौकोन हळूहळू फिकट करत नेले. एकदम संपवलं तर कड दिसते. पाठीला मात्र रंगाचा थेंब लागू दिला नाही. पाठ शंभर टक्के राहिली पाहिजे.

मग तो पुढच्या दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला, आणि नाहीसा झाला.

चौघे एकदमच आले. पुढे हिरामण पैलवान, मागे गोविंदराव, किसनराव आणि पुंडलिक वैद्य. उंबऱ्यातच थबकले. बाजारातला सगळा आवाज जणू बाहेरच राहिला. चौघे नुसते बघत उभे.

झुंबरला फार बरं वाटलं. शनिवारपासून इतकी ओरड चालली होती, आणि आता एक शब्द कोणी बोलत नव्हतं. ते थेट त्याच्या तोंडाकडेच बघत होते, पण ते साहजिक होतं. त्याच्या मागे दिनदर्शिका होती. तिथी बघत असतील.

वैद्य दोन पावलं पुढे आले. वाकले. वास घेतला. "भिंतीचा रंग आहे," ते म्हणाले.

"कुठाय तो झुंबर?" किसनरावांनी हळू आवाजात विचारलं. एवढ्या हळू ते कधीच बोलत नसत.

झुंबरला खोटं बोलता येत नसे. "इथे दिसत नाही," तो म्हणाला.

"कोण बोललं?"

"कोणी नाही."

तेवढ्यात मागच्या दारातून पेढे घेऊन शेठ आले, आणि त्यांच्या हातातला खोका सुटला. नेमके त्याच वेळी पुढच्या दाराने ढमाले अण्णा आत आले. बस बाजाराच्याच तोंडाशी सोडते, मग माणूस वळसा घालून मागच्या दाराने कशाला येईल? हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावलेली.

"राम राम शेठ," अण्णा म्हणाले. "मुलगा कुठंय?"

झुंबरने लगेच ओळखलं. अण्णा शून्याच्या बाजूने आले होते! तो ताडकन उठला, गर्रकन वळला, अण्णांकडे पाठ केली, आणि भिंतीकडे तोंड करून अगदी अदबीने हात जोडले. "नमस्कार करतो, अण्णा."

अण्णा गोंधळले. पाठीला काय नमस्कार करणार? ते त्याचं तोंड बघायला वळसा घालून पुढे आले. झुंबर पुन्हा वळला. अण्णा पुन्हा फिरले. झुंबर पुन्हा वळला. असे दोघे एकमेकांभोवती दोन फेरे फिरले.

"अहो, थांबा तरी!" अण्णा धापा टाकत म्हणाले.

"अण्णा, त्या बाजूने नका बघू," झुंबर कळवळून म्हणाला. "त्या बाजूने मी नाहीये. मागून बघा. मागून शंभर टक्के आहे."

पहिले हसले हिरामण पैलवान. त्यांचं हसणं म्हणजे शटर वर केल्यासारखं. "मी मेलो ते मला कळलं नव्हतं," ते म्हणाले, "आणि हा आहे ते याला कळेना!" मग वैद्य हसले, त्यांची टोपी पडली. गोविंदराव हसता हसता खाली बसले. किसनराव तर म्हणाले, "आमच्या मेव्हण्याला बोलवा, हे बघायला हवं!"

शेठ हसले नाहीत. ते पेढे वेचत होते. सोयरीक गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

अण्णाही हसले नाहीत. त्यांनी झुंबरला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. बराच वेळ छातीकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवली आणि कंबरेची टेप काढली. एक चौकोन मोजला. इंच. दुसरा मोजला. इंच. बरगडीवरचा मोजला, जिथे सदऱ्याला सुरकुती पडते. तोही इंच. मग एक डोळा मिटून गळ्यापासून पोटापर्यंत रेघ बघितली.

"हे तुम्ही आरशात बघून केलंत?"

"नाही अण्णा. आरसा नव्हता."

"स्वतःच्याच अंगावर? उलट बाजूने? नाकावरचा सांधासुद्धा जुळलाय." अण्णा शेठकडे वळले. "शेठ, तीस वर्षं फरशी बसवतोय. माझ्या हाताखाली पन्नास माणसं येऊन गेली. इतका सरळ हात बघितला नाही. डोक्याचं काय ते आमची चंद्रकला बघून घेईल. पण नोकरी पक्की का?"

शेठनी एक पेढा पुसला. व्यापारी माणूस, बाजार कुठे वळला ते त्यांना लगेच कळलं. "पक्की! पण कम्प्युटरवर नाही. आजपासून हा भिंती रंगवणार. आणि कम्प्युटरला याने हात लावायचा नाही."

"समजलं," झुंबर म्हणाला.

चौघांचे फ्लेक्स शेठनी स्वतः बसून पुन्हा करून दिले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. झुंबरला शेठनी पेढा भरवला, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की आपण दिसत असणार.

"शेठ," तो नंतर म्हणाला, "मला वाटतं पाण्याचा रंग वापरला, तिथेच चुकलं. पाण्याच्या रंगाने पूर्ण आरपार होत नाही."

शेठ नवऱ्या मुलाचा सदरा कुठे मिळेल याचा विचार करत होते. ते "हं" म्हणाले.

महिन्याभरात लग्न ठरलं. कुरणवाडीत मांडव पडला. शेठनी फ्लेक्स स्वतः केला, नवरा-नवरी शंभर टक्के, मामा कडेला. झुंबरला बजावलं, "लग्न होईपर्यंत कम्प्युटरच्या जवळपास दिसू नकोस." झुंबर दिसला नाही. त्याला दुसरीच काळजी लागली होती.

त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरतात. म्हणजे चंद्रकला समोर उभी असणार, आणि मध्ये कापड! आठ मंगलाष्टकं होईपर्यंत तिला बघता येणार नाही. हंडा घेऊन गेली त्याला तीन वर्षं झाली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी झुंबरने भटजींच्या पिशवीतून अंतरपाट काढला. या वेळी पाण्याचा रंग घेतला नाही. चांगला घट्ट ऑइलपेंट घेतला, राखाडी आणि पांढरा. अंतरपाटभर चौकोन काढले. एकूण एक चौकोन इंचाचा. मग घडी न घालता दोरीवर टाकला.

मुहूर्ताला अण्णा आणि चंद्रकलेचे मामा अंतरपाट धरून उभे राहिले. भटजींनी चौकोनांकडे एकदा बघितलं, घड्याळाकडे एकदा बघितलं, आणि मंगलाष्टकं सुरू केली. झुंबर डोळे फाडून कापडाकडे बघत होता. काही दिसेना. त्याने स्वतःची समजूत घातली. रंग अजून ओला आहे, वाळेल तसं आरपार होईल.

मांडवात मोठा पंखा लावलेला होता. सातव्या मंगलाष्टकाला कोणीतरी तो आणखी वाढवला. झुंबरच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला, अंतरपाट फुगला आणि पलीकडे चंद्रकलेच्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत चप्प बसला. तीही मुकाट्याने उभी राहिली. नवरीने हलायचं नसतं.

"सावधान!" भटजी म्हणाले. ताशे वाजले. अक्षता पडल्या. अंतरपाट सोलून काढल्यासारखा बाजूला झाला.

समोर चंद्रकला उभी होती, हातात हार घेऊन. कपाळावर राखाडी-पांढरे चौकोन, नाकावर चौकोन, गालांवर चौकोन, सगळे इंचाचे. सांधेसुद्धा जुळलेले. सगळा मांडव बघत होता.

झुंबरने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. पाटाखाली वाकून बघितलं. मग त्याचे डोळे भरून आले, आणि तो रडवेल्या आवाजात ओरडला,

"शेठ! नवरी कुठे गेली हो?"

तेवढ्यात त्या रिकाम्या जागेतून दोन हात आले, आणि हार बरोब्बर त्याच्या गळ्यात पडला.